कौल मान्य करण्याची रीत

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत ‘लोकशाही संस्था आणि लोकविश्वास’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



चालकांनी मला दिलेला विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. व्याकरण आणि मध्ययुगीन वाङ्मय ही माझी वाट; राज्यशास्त्र ही नव्हे. तेव्हा ‘लोकशाही संस्था’ या शब्दाखाली संसदेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सारे काही आणून ठेवण्याचा खटाटोप मी करणार नाही. एकाच दिवसाविषयी बोलावे, असे ठरवून मी आलो आहे. तो दिवस १६ जानेवारी १९६७. त्या दिवशी गोव्यात जनमत कौल झाला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. परंतु या सभागृहात बसलेल्या पुष्कळांच्या घरी त्या दिवसाची आठवण आजही जपलेली असेल आणि बहुतेक घरांत ती पराभवाची असेल. गोव्यातील मराठी वाचनालयाच्या सभासदांपुढे जनमत कौलाविषयी बोलणे म्हणजे जुन्या जखमेला हात लावणे होय, याची मला जाणीव आहे.

प्रथम शब्दापासून सुरुवात करतो. ती माझी खोड आहे. इंग्रजीत ज्याला ‘ओपिनियन पोल’ म्हटले, त्याला आपण ‘कौल’ हा शब्द लावला. हा शब्द आपल्या देवळांतला. गावचा माणूस अडचणीत सापडला की तो देवापुढे उभा राहतो, गाऱ्हाणे घालतो, मूर्तीला पाकळ्या लावल्या जातात, आणि उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार असे मानले जाते. कौल लावण्याचे काही नियम असतात. प्रश्न आधी स्पष्ट शब्दांत विचारायचा, कोणत्या बाजूचा अर्थ काय हेही आधीच ठरवायचे, आणि पाकळी पडल्यावर देवाशी वाद घालायचा नाही. हवा तो कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे घालणारे यजमान आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण गाव त्यांना मनातून हसते. योगायोग असा की १९६७ च्या कौलात मतदारांपुढे जी दोन चिन्हे होती, ती ‘फूल’ आणि ‘दोन पाने’. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश.

त्या कौलाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी लागेल. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे पोर्तुगीज अमल सोसलेल्या या भूमीत सर्वसामान्य माणसाला खऱ्या अर्थाने मत विचारण्याचा प्रघातच नव्हता. सालाझारच्या राजवटीत तर छापील ओळ न् ओळ तपासणीतून जात असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्ती मिळाली, १९६२ मध्ये पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक झाली. त्या निवडणुकीत काँग्रेससारख्या बलाढ्य पक्षाला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले.

मगो पक्षाचे म्हणणे असे की विलीनीकरण हाच आमचा जाहीर कार्यक्रम होता, त्यावर लोकांनी आम्हाला निवडून दिले, म्हणजे कौल मिळालाच आहे. आता विलंब कशाला? हे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. प्रातिनिधिक लोकशाहीचा तो सरळ अर्थ आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मतदाराने सरकार निवडले, प्रदेशाचे अस्तित्व निकालात काढण्याचा अधिकार दिला नाही. कुळाने बांदोडकरांना मत दिले ते जमिनीसाठी दिले असेल, बहुजनांनी दिले ते शाळेसाठी आणि सन्मानासाठी दिले असेल. त्या मतातून विलीनीकरण वेगळे काढून कसे मोजणार? हेही म्हणणे चुकीचे नव्हते. पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण राखण्याचे आश्वासन दिले होते, त्याचाही आधार या बाजूला होता. दोन्ही बाजूंना आपापला न्याय दिसत होता, आणि अशा वेळी संख्याबळाने प्रश्न दामटून नेला तर निर्णय होतो, पण तो मान्य होत नाही.

काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत सातत्याने प्रयत्न केले आणि थेट लोकांनाच विचारावे हा मार्ग निघाला. आपल्या राज्यघटनेत अशा कौलाची तरतूद नाही. त्यासाठी संसदेला डिसेंबर १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता मी ज्या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो ती ही. विरोधी बाजूने मागणी केली की बांदोडकरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही. त्यांनी पायउतार व्हावे. ही मागणी बांदोडकरांना झिडकारता आली असती. विधानसभेत बहुमत होते, मुदत शिल्लक होती, कोणताही कायदा त्यांना राजीनामा देण्यास भाग पाडत नव्हता. तरी ३ डिसेंबर १९६६ रोजी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्याला जिंकायचे होते त्याने जिंकण्याचे सर्वांत मोठे साधन स्वतःच्या हातांनी खाली ठेवले. बांदोडकरांच्या चरित्रात खाणमालक, दानशूर, क्रिकेटप्रेमी, बहुजनांचा कैवारी अशी अनेक प्रकरणे रंगवून लिहिली जातात. हा राजीनामा मात्र एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक जीवनातील ते सर्वांत मोठे पाऊल होते.

विरोधकांनाही सारेच मिळाले असे नाही. गोव्याबाहेर, मुंबईत आणि अन्यत्र असलेल्या गोमंतकीयांना मताधिकार द्यावा ही त्यांची मागणी नाकारली गेली. ती मान्य झाली असती तर आकडे त्यांच्या बाजूने फुगले असते, असा त्यांचा हिशेब होता. ती फेटाळली गेल्यावर ते बहिष्कार घालून बसले नाहीत. कौलाआधी दोन्ही पक्षांनी काहीतरी सोडले होते.

प्रचार तिखट झाला. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि चंद्रकांत केणींचे ‘राष्ट्रमत’ विरोधात. श्रोतेहो, ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते. त्यातील ‘ब्रह्मास्त्र’ हे उदय भेंब्रे यांचे गाजलेले सदर मराठीत लिहिले जात होते. म्हणजे महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्याच्या हिंदू वाचकाला मराठीतच पटवून दिले जात होते. आपण मराठीप्रेमी मंडळींनी या वस्तुस्थितीचा पुरेसा विचार कधी केला नाही. मराठी वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा, मराठी नाटकासाठी रात्र जागवणारा प्रत्येक माणूस फुलालाच मत देणार, असे आपण गृहीत धरले. भाषेवरचे प्रेम आणि राज्यव्यवस्थेविषयीचे मत यांची आपण गल्लत केली. माणूस ज्या भाषेत ओवी म्हणतो, त्याच भाषेत ‘नाही’ही म्हणू शकतो.

निकालाचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत, तरी उच्चारतो. गोव्यात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. शंभरांत सुमारे ८२. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१. मतमोजणी तीन दिवस चालली.

माझे वडील तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शिक्षक होते. मुक्तीनंतर खेड्यापाड्यांत ज्या मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्याच एका शाळेत. विलीनीकरण व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. कौलाच्या दिवशी त्यांची नेमणूक मतदान केंद्रावर झाली. दुपारी एक म्हातारी आली. शेजारच्या भाटातली मुंडकार, अक्षरओळख नव्हती. मतपत्रिका हातात घेऊन तिने सर्वांदेखत विचारले, “मास्तर, खंय मत मारूं?” तिच्या नातवाला वडीलच शिकवत होते. त्यांनी फुलाकडे नुसते पाहिले असते तरी पुरे होते. वडील सांगत, “मी खाली यादीत बघत राहिलो आणि म्हटले, ‘आजये, तें तुवेंच थारावपाचें.’” ती आडोशाला गेली, बराच वेळ लावला, घडी पेटीत टाकली आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेली. तिने काय केले हे वडिलांना कधीच कळले नाही. निकालानंतर कित्येक वर्षे त्यांच्या मनात येई की ती एक घडी आपण हातची घालवली. असे म्हणून ते हसत. पण ते हसणे फारसे मोकळे नसे.

हा प्रसंग मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला, की त्यातला मुख्य भाग कोणता हे मला फार उशिरा उमगले. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या, त्याने उठ म्हटले की उठावे लागणाऱ्या त्या बाईला आयुष्यात कदाचित दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा असा आडोसा मिळाला होता, जिथे भाटकारही नव्हता आणि मास्तरही नव्हता. कुळांसाठी १९६४ चा कायदा झाला होता. मुंडकारांचा कायदा १९७५ मध्ये यायचा होता. घराच्या चार भिंतींवर तिचा हक्क नव्हता, पण त्या आडोशावर होता. लोकांचा संस्थेवरचा विश्वास म्हणून जो काही म्हणतात, तो त्या आडोशात निर्माण होतो, आणि बाहेर टेबलाशी बसलेल्या कारकुनाने मान खाली घातली तरच तो टिकतो. निवडणूक आयोगाच्या इमारती दिल्लीत असतील. आमच्या गावापुरता आयोग त्या दिवशी वडिलांच्या खाली घातलेल्या मानेत होता.

निकालानंतर पेढे वाटले गेले तसे अनेक घरी चूलही पेटली नाही. पण निकाल खोटा आहे, पेट्या बदलल्या, असा कांगावा गंभीरपणे कुणी उभा केला नाही. पुढे दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्ष १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. ज्या मतदाराने बांदोडकरांचा मुख्य कार्यक्रम नाकारला, त्यानेच त्यांच्या हाती राज्य दिले. या दोन निकालांत विसंगती पाहणारे पंडित तेव्हाही होते. मला यात मतदाराचा मोठा शहाणपणा दिसतो. दोन वेगळे प्रश्न वेगळे विचारले गेले, म्हणून त्याला दोन वेगळी उत्तरे देता आली. आणि बांदोडकरांनीही पराभवानंतर घरी रुसून न बसता १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच वेगळ्या प्रदेशाचा कारभार केला.

मी त्या दिवशी मतदार असतो तर फुलालाच मत दिले असते, हे कबूल करतो. तरीही आज मागे पाहताना वाटते की विधानसभेतील बहुमताच्या जोरावर विलीनीकरण उरकले गेले असते, तर निम्म्या गोव्याच्या लेखी मराठी ही जेत्याची भाषा ठरली असती. एकदा एका जेत्याची भाषा सोसलेल्या समाजाने ते कधी विसरले नसते. १९८६-८७ च्या भाषावादात माणसे प्राणांस मुकली, मने फाटली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. त्या वादाची कटुता कौलाच्या आठवणीपेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळली आहे. राजभाषेचा प्रश्न कुणी घरोघर जाऊन विचारला नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

याच संदर्भात शेजारच्या बेळगावची आठवण होणे अपरिहार्य आहे. बांदोडकरांनी राजीनामा देण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग सीमाप्रश्नासाठी नेमला गेला. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यालाही वीस वर्षे उलटून गेली, अंतिम निकाल नाही. एकाच हिवाळ्यात दोन मराठी प्रदेशांचे प्रश्न दोन वाटांनी गेले. एक विद्वान न्यायमूर्तींकडे गेला, दुसरा निरक्षर म्हातारीकडे. म्हातारीचा निकाल मान्य झाला. न्यायमूर्तींची विद्वत्ता कमी पडली असे मला म्हणायचे नाही. त्या भागातील माणसांना स्वतःला कुणी विचारले नाही, ही त्यांची व्यथा आहे आणि बेळगावला माझे नातलग असल्याने मी ती जवळून ऐकली आहे. मात्र प्रत्येक तंट्यावर कौल हाच उपाय, असाही अर्थ कुणी काढू नये. एक्कावन्नांनी एकोणपन्नासांना गिळावे यासाठीही कौल वापरता येतो. प्रश्न सरळ नसेल, विचारणाराच खुर्चीवर बसून मोजणी करणार असेल, तर तो कौल देवाचा नव्हे, पुजाऱ्याचा.

आता ‘विलीनीकरण’ या शब्दाचा पुढचा प्रवास सांगतो आणि मग तुमचा फार वेळ घेत नाही. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. एक तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर ती क्षम्य मानण्याची त्यातील पळवाट २००३ मध्ये बंद झाली. दुसरी राहिली: विधिमंडळ पक्षातील दोन तृतीयांश सदस्यांनी अन्य पक्षातील विलीनीकरणास संमती दिली तर त्यांचे सदस्यत्व जात नाही. २०१९ च्या मार्चमध्ये आपल्याकडे एका पक्षाच्या तीनपैकी दोघांनी असे विलीनीकरण केले. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या पक्षाच्या पंधरापैकी दहांनी केले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठांनी. त्या वर्षीच्या निवडणुकीपूर्वी या शेवटच्या पक्षाच्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा देवविल्या होत्या. पक्षांची नावे घेत नाही; एकाचे नाव घेतले की सर्वांची घ्यावी लागतील.

एकाच भूमीत एकाच शब्दाचे हे दोन इतिहास. १९६६ मध्ये विलीनीकरण हवे होते म्हणून सरकार पायउतार झाले आणि पावणेचार लाखांहून अधिक माणसांना विचारले गेले; तेव्हा कुणाला कुठल्याही मूर्तीपुढे शपथ घ्यावी लागली नव्हती. २०१९ आणि २०२२ मध्ये विलीनीकरणासाठी दोन, दहा, आठ माणसांची संमती पुरली, आणि ज्यांनी त्यांना निवडून दिले त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. हे सारे कायद्याच्या चौकटीत बसते, असे वकील मित्र मला समजावतात. बसत असेल. माझे विद्यार्थी मात्र मला विचारतात, “सर, मग आम्ही मत कुणाला दिले?” व्याकरणाच्या शिक्षकाला कर्ता आणि कर्म ओळखता यावे अशी अपेक्षा असते, या वाक्यात मला कर्ता सापडत नाही.

आता आपल्या वाचनालयाची एक नोंद. शताब्दीनिमित्त जुनी कागदपत्रे चाळताना १९६७ चे सभावृत्त माझ्या हाती आले. कौलानंतरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने ठराव मांडला होता की ‘राष्ट्रमत’ने मराठीचा घात केला असल्याने ते पत्र घेणे बंद करावे. चर्चा बरीच तापली असावी, कारण लेखनिकाचे अक्षर पानाच्या खालच्या भागात बिघडत गेले आहे. सभेत बहुसंख्य विलीनीकरणवादी असूनही ठराव तीन मतांनी पडला. कारण एवढेच नोंदले आहे, की वाचकाने काय वाचावे हे सभासदांच्या मतांवर ठरू नये. त्याच सभेत त्याच सभासदाने जमाखर्चातील एक चूक दाखवून दिली आणि ती दुरुस्त झाल्याचीही नोंद आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गणीदारांच्या यादीत त्यांचे नाव आहे, आणि त्यानंतर एकोणीस वर्षे आहे.

ते सभावृत्त बाहेर टेबलावर पाहण्यासाठी ठेवले आहे. पाने जीर्ण झाली आहेत. कृपया हळू उलटावीत.